घरकामाचा शेअर बाजार

मार्था स्ट्यूअर्ट यांचा जन्म ३ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, पोलिश वंशाच्या कोस्टिरा कुटुंबात झाला. सहा भावंडांत त्या दुसऱ्या. त्याच राज्यातल्या नटली गावात त्या वाढल्या. पैसा बेताचा, कपडे घरी शिवायचे, भाजी परसात पिकवायची, उरलेली बरण्यांत भरून हिवाळ्यासाठी ठेवायची, अशी घरची रीत. शिवण आणि स्वयंपाक आईने शिकवला, बागकाम वडिलांनी. ज्या कौशल्यांवर पुढे मोठी कंपनी उभी राहिली, ती अशी काटकसरीतून आलेली होती.

शिकत असतानाच मॉडेलिंग करून त्या पैसे मिळवत. १९६१ मध्ये अँड्र्यू स्ट्यूअर्ट या कायद्याच्या विद्यार्थ्याशी लग्न झालं, १९६५ मध्ये मुलगी झाली. १९६७ पासून काही वर्षं त्यांनी वॉल स्ट्रीटवर शेअर दलालीची नोकरी केली. त्यांच्याविषयी लिहिताना हा टप्पा बहुधा घाईत उरकला जातो. खरं तर पुढचं सगळं त्यावर उभं आहे: पैसा कसा फिरतो हे त्या केक विकण्याआधी शिकल्या होत्या.

१९७१ मध्ये स्ट्यूअर्ट दांपत्याने कनेटिकटमधल्या वेस्टपोर्ट इथे १८०५ सालचं एक मोडकळीला आलेलं शेतघर घेतलं आणि स्वतः राबून ते दुरुस्त केलं. त्याच घराच्या तळघरातून १९७६ मध्ये मार्थाबाईंनी एका मैत्रिणीबरोबर केटरिंग सुरू केलं. अँड्र्यू तोवर प्रकाशन व्यवसायात होते. एका पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाचं जेवण मार्थाबाईंकडे होतं. ते पाहून क्राउन या प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखाने त्यांनाच पुस्तक लिहायला सांगितलं. ‘एंटरटेनिंग’ १९८२ मध्ये आलं. त्यात पाककृती होत्याच, पण खप झाला तो मोठ्या रंगीत छायाचित्रांमुळे. मेजवानीचा बेत, मांडलेलं टेबल, फुलं, भांडी असं सगळं एकाच नजरेत दिसत होतं. वाचकाला पदार्थापेक्षा ते घर हवंसं वाटत होतं.

१९८७ मध्ये के-मार्ट या स्वस्त मालाच्या दुकानसाखळीने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. उच्चभ्रूंची मेजवानी मांडणारी बाई के-मार्टमध्ये कशाला, म्हणून नाकं मुरडली गेली. पण मध्यमवर्गीय गिऱ्हाईक तिथेच होतं. १९९० मध्ये टाइम समूहाबरोबर ‘मार्था स्ट्यूअर्ट लिव्हिंग’ हे मासिक निघालं, १९९३ मध्ये टीव्ही कार्यक्रम आला. एकदा तपासून घेतलेली पाककृती मासिकात छापायची, पडद्यावर करून दाखवायची, पुस्तकात घालायची आणि तिला लागणारी भांडी दुकानात ठेवायची, असं हे गणित. १९९७ मध्ये मासिक टाइमकडून विकत घेऊन त्यांनी सारा कारभार स्वतःच्या कंपनीखाली आणला.

१९ ऑक्टोबर १९९९ रोजी कंपनी न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरली. त्या सकाळी मार्थाबाईंनी बाजाराच्या दारात दलालांना ब्रिओश आणि संत्र्याचा ताजा रस वाटला. १८ डॉलरचा शेअर संध्याकाळपर्यंत दुपटीच्या आसपास गेला आणि त्या कागदोपत्री अब्जाधीश झाल्या. गुंतवणूकदारांसाठीच्या माहितीपत्रकातच मात्र एक धोका नोंदवलेला होता: मार्थाबाईंच्या नावाला धक्का लागला तर धंद्यालाही लागेल.

तो लागला २७ डिसेंबर २००१ रोजी. इमक्लोन या औषध कंपनीचा प्रमुख स्वतःचे शेअर विकायच्या खटपटीत आहे, असं दलालाच्या सहायकाने त्यांना फोनवर सांगितलं. त्यांनी आपले ३,९२८ शेअर विकले. दुसऱ्या दिवशी सरकारी औषध नियामकाने इमक्लोनच्या कर्करोगावरील औषधाचा अर्ज नाकारल्याची बातमी फुटली. सरकारच्या हिशोबाने त्यांचं वाचलेलं नुकसान ४५,६७३ डॉलर. त्यांच्या संपत्तीपुढे ही चिल्लरच. शेअर ६० डॉलरच्या खाली गेला तर विकायचा असं आधीच ठरलं होतं, हा त्यांचा बचाव ज्यूरीला पटला नाही. रोख्यांतल्या फसवणुकीचा आरोप न्यायाधीशांनीच काढून टाकला होता. मार्च २००४ मध्ये त्या दोषी ठरल्या त्या कट, तपासात अडथळा आणि तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलणं यांबद्दल. शिक्षा झाली पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरात स्थानबद्धता. अपिलाचा निकाल येण्याची वाट न पाहता ऑक्टोबरमध्ये त्या वेस्ट व्हर्जिनियातल्या ऑल्डरसन तुरुंगात दाखल झाल्या. मार्च २००५ मध्ये बाहेर पडताना अंगावर एका सहकैदी बाईने विणून दिलेला पोंचो होता. त्याची इतकी चर्चा झाली की त्याचा विणकामाचा नमुना लोकांना मोफत उपलब्ध झाला.

त्यांच्यावर टीका दोन बाजूंनी झाली. एका बाजूचं म्हणणं, की नोकरी करून दमलेल्या बाईच्या डोक्यावर त्यांनी निर्दोष घराचं ओझं आणखी चढवलं. दुसरी बाजू त्यांच्या करड्या स्वभावावर बोट ठेवत आली. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. दुसरा एखाद्या पुरुष उद्योगपतीवर क्वचितच इतक्या त्वेषाने घेतला गेला असता.

सुटकेनंतर टीव्हीवर त्या लगेच परतल्या. २०१६ मध्ये रॅपर स्नूप डॉगबरोबर त्यांचा पाककृतींचा कार्यक्रम सुरू झाला आणि एका नव्या पिढीला त्या माहीत झाल्या. कंपनी मात्र पूर्वपदाला आली नाही. २०१५ मध्ये ती ३५ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. २०१९ मध्ये मार्की ब्रँड्सने शेफ एमेरिल लगासी यांच्या ब्रँडसकट तिचा ब्रँड १७ कोटी ५० लाखांना घेतला. नावाचे व्यापारी हक्क अशा रीतीने दुसऱ्याकडे गेले असले, तरी मार्थाबाई त्याच नावाने काम करत राहिल्या. ‘मार्था: द कुकबुक’ हे त्यांचं शंभरावं पुस्तक २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं.