वाचणारे मूल आणि ऐकणारे घर

“आम्ही अडाणी माणसं, पोराचा अभ्यास आम्हांला काय कळणार? तुम्हीच बघा, गुरुजी.” पालकसभेत हे वाक्य कधीच ऐकले नाही असा प्राथमिक शिक्षक महाराष्ट्रात विरळाच. त्यात नम्रता असते, शिक्षकावरचा विश्वास असतो आणि थोडी हारही असते. गुरुजीही बहुधा मान डोलावतात. कारण वाचायला शिकवणे हे शाळेचे काम आणि घराने फार तर वह्या, दप्तर व फी पुरवावी, ही वाटणी आपण सर्वांनी मनोमन मान्य करून टाकली आहे. घरातली पहिली पदवी घेण्यासाठी कला महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींच्या बहुतेक घरांत हेच घडलेले असते. त्यांची धाकटी भावंडे आजही त्याच वाटेने चालली असतील, म्हणून ही समजूत खरी की खोटी हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ती तपासली गेली आहे, आणि तीही मोठ्या नेटकेपणाने. उत्तर लंडनमध्ये हॅरिंगे नावाचा भाग आहे. तेथे कामकरी वस्ती मोठी, आणि परदेशांतून येऊन स्थायिक झालेली कुटुंबेही पुष्कळ. त्यांतील कित्येक घरांत इंग्रजी बोलले जात नसे, काही आईबापांना तर कोणत्याच भाषेत वाचता येत नव्हते. अशा वस्तीतील सहा शाळा १९७६ च्या सुमारास टिझर्ड, स्कोफील्ड व ह्युइसन या संशोधकांनी निवडल्या. याआधी डॅगेनम येथील कामगारवस्तीत त्यांना असे दिसले होते की, सात-आठ वर्षांच्या ज्या मुलांचे वाचन आई घरी नियमाने ऐकते ती मुले वाचनात सरस असतात. परंतु यावरून ऐकण्यामुळेच वाचन सुधारते असे सिद्ध होत नाही. कदाचित चांगले वाचणाऱ्या मुलाचेच वाचन आईला ऐकावेसे वाटत असेल! हा पेच सोडवण्यासाठी प्रत्यक्ष प्रयोग करणे भाग होते.

प्रयोगाची रचना साधी होती. दोन शाळांतील निवडक वर्गांत मुलांबरोबर शाळेतील पुस्तक घरी धाडायचे. मुलाने ते मोठ्याने वाचायचे आणि आई किंवा वडील यांनी ऐकायचे. संशोधक मधूनमधून घरी जाऊन वाचन कसे चालले आहे ते पाहत. दुसऱ्या दोन शाळांत घराला काहीच सांगितले नाही. तेथे एक अनुभवी जादा शिक्षिका दिली आणि तिने मुलांचे लहान लहान गट करून वाचन घेतले. उरलेल्या दोन शाळा तुलनेसाठी होत्या तशाच ठेवल्या. सहा ते आठ वर्षे वयाच्या मुलांवर हा प्रयोग दोन वर्षे चालला आणि त्याचे निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाले.

सामान्य बुद्धीला वाटेल की जादा शिक्षिकेचा वर्ग पुढे गेला असेल. प्रत्यक्षात घडले उलटेच. ज्यांचे वाचन घरी ऐकले गेले त्यांची प्रगती स्पष्ट व ठळक होती. जादा शिक्षिकेच्या मुलांत मात्र म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. विशेष म्हणजे ज्या आईबापांना इंग्रजी वाचता येत नव्हते, बोलताही नीट येत नव्हते, त्यांच्या मुलांनाही लाभ झाला. बहुतेक सर्व घरांनी हे काम आनंदाने पत्करले. मुले शाळेत अधिक उत्साहाने येतात, वागतातही बरी, असे शिक्षकांनी सांगितले ते वेगळेच. पुढे १९८८ मध्ये ह्युइसन यांनी त्याच मुलांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हाही ती पुढेच होती.

असे का व्हावे? एक कारण निव्वळ अंकगणिताचे आहे. चाळीस मुलांचा वर्ग आणि वाचनाचा एक तास धरला, तर एकेका मुलाच्या वाट्याला दीड मिनिट येते. तो तास रोज घेतला तरी आठवड्याच्या पाच दिवसांत साडेसात मिनिटे. घरी रोज दहा मिनिटे ऐकणारे कोणी असेल तर तेच पाच दिवसांत पन्नास मिनिटांचे वाचन होते. वाचन ही पोहण्यासारखी क्रिया आहे, काठावर उभे राहून दुसऱ्याचे हातपाय पाहिल्याने ती येत नाही. पण केवळ मिनिटांचा हिशेब पुरेसा नाही, कारण जादा शिक्षिकेनेही मिनिटे वाढवलीच होती. दुसरे कारण मला असे वाटते की, ज्या घराची कदर मुलाला सर्वांत अधिक असते त्या घराने पुस्तकाची कदर केली, हे त्याला रोज डोळ्यांनी दिसत होते.

आपल्याकडे या बाबतीत एक सोय आहे, तिचा विचार फारसा झालेला नाही. आपली लिपी बहुतांशी उच्चाराप्रमाणे चालते. मुलाने ‘सूर्य’ या शब्दातला रफार गाळून ‘सूय उगवला’ असे वाचले, तर स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या निरक्षर आईच्याही कानाला ते खटकते. तिला रफार म्हणजे काय ते ठाऊक नसेल, पण ‘सूय’ हा शब्द आपल्या भाषेत नाही हे तिला पक्के ठाऊक असते. “काय म्हणालास? पुन्हा वाच बरं,” एवढे ती म्हणाली की मुलाची नजर पुन्हा अक्षरावर जाते. चातुर्मासात पोथी ऐकणाऱ्या आपल्या आज्यांपैकी कितीजणींना अक्षर ओळख होती? तरी वाचणाऱ्याने ओवी चुकवली की त्या टोकत असत. ऐकणे हीदेखील एक विद्या आहे, आणि ती आपल्या घरांत होती.

आता ती नाहीशी होण्याचे एक कारण मात्र आपणच निर्माण केले आहे. मूल इंग्रजी माध्यमात घातले की पहिल्याच दिवशी आईवडील गप्प होतात, आणि त्यांची जागा शिकवणीच्या बाई घेतात. हॅरिंगेच्या आयांना तरी कोठे इंग्रजी येत होते? कान भाषेत मुरलेला असता तर लाभ अधिक झाला असता हे खरे. पण भाषा येत नाही म्हणून मुलाजवळ बसूच नये, याला त्या प्रयोगात काहीही आधार मिळत नाही. गोंडी, कोरकू बोलणाऱ्या घरांतील मूल जेव्हा मराठी पुस्तक वाचते तेव्हाही हेच लागू पडावे.

‘ऐकणे’ आणि ‘वाचून दाखवणे’ यांतही भेद केला पाहिजे. सेनेशल व यंग या कॅनडातील संशोधकांनी २००८ साली १६ प्रयोगांचे, एकूण १३४० कुटुंबांचे, निष्कर्ष एकत्र करून पाहिले. बालवर्गापासून तिसरीपर्यंतच्या मुलांच्या वाचनावर पालकांनी नुसते वाचून दाखवण्याचा परिणाम सर्वांत कमी होता. मुलाचे वाचन ऐकण्याचा त्याहून बराच अधिक. आणि अक्षरे, आवाज यांसारखी ठरावीक गोष्ट कशी शिकवावी हे पालकांना दाखवून दिले तेथे सर्वांत अधिक. म्हणून कोणी गोष्टी वाचून दाखवणे सोडू नये. त्याने शब्दसंग्रह वाढतो, पुस्तकाची गोडी लागते. फक्त त्याने जोडाक्षर फुटेल अशी अपेक्षा धरू नये.

चूक झाली की काय करावे, याबद्दल न्यूझीलंडमधील मांगेरे येथे झालेल्या कामातून आलेली रीत मला फार शहाणपणाची वाटते. मूल अडले की लगेच शब्द सांगायचा नाही. पाच-एक सेकंद थांबायचे. नाहीच जमले तर अर्थावरून किंवा अक्षरावरून खूण द्यायची, आणि सुधारले की तसे बोलून दाखवायचे. ऐकायला सोपे आहे, परंतु पाच सेकंद गप्प बसणे सुशिक्षित बापाला किती जड जाते ते करून पाहावे! आपल्याकडे दुसऱ्याच सेकंदाला टपली बसते. या एका बाबतीत निरक्षर आई उजवी ठरण्याचा संभव आहे. तिला शब्द आधी ठाऊक नसल्यामुळे थांबणे भागच पडते.

एवढे सांगितल्यावर उलट बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख औषधाच्या जाहिरातीसारखा होईल. इंग्लंडातच रॉचडेलच्या बेलफील्ड शाळेने अशीच योजना राबवली, पालकांना ती आवडलीही. पण हॅनन यांनी १९८७ साली गुण तपासले तेव्हा हॅरिंगेसारखी मोठी झेप दिसली नाही. आपल्या देशात बिहार व राजस्थानातील गावांत मातांसाठी साक्षरतावर्ग, घरी मुलांना मदत कशी करावी याचे मार्गदर्शन, आणि दोन्ही मिळून, असे तीन प्रकार करून पाहण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आयांचे लक्ष वाढले, त्या स्वतः थोडे शिकल्या, पण मुलांचा लाभ बेताचाच निघाला, आणि तोही गणितात. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईच्या अंगावर शाळेचे अपयश टाकण्याचा कोणालाच अधिकार नाही. ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतील ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ साली ५०.५ टक्के होते, ते करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यावर २०२२ साली ४२.८ टक्क्यांवर आले. नुसत्या घराच्या भरवशावर वाचन टिकत नाही, हे यातून उघड आहे.

मग घरात ऐकणारे कोणी नसेल तर? उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ संस्थेच्या साहाय्याने झालेला एक प्रयोग येथे आठवतो. त्याचा अहवाल २०१० साली आला. गावोगावी सभा घेऊन लोकांना शाळासमितीचे अधिकार समजावून सांगितले, त्याचा परिणाम जवळजवळ शून्य झाला. मात्र काही गावांत शिकलेल्या स्थानिक तरुणांना थोडे प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग घ्यायला सांगितले होते. गावातील थोडीच मुले तेथे आली. पण आलेल्यांपैकी ज्यांना आधी एकही अक्षर येत नव्हते, त्यांतील बहुतेकांना अक्षरे वाचता येऊ लागली. त्या तरुणांना पगार नव्हता, आणि त्यांच्याजवळ अध्यापनाची पदविकाही नव्हती.