लहान ट्रॅक्टर घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब

सालदार मिळेनासा झाला, बैलजोडी व तिचा चारा दोन्ही परवडेनात, आणि ज्या दिवशी वाफसा येतो त्याच दिवशी भाडोत्री ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात गुंतलेला असतो. या तीन कारणांनी आमच्या खापर परिसरातील पाच ते पंधरा एकरांचे कित्येक शेतकरी हल्ली स्वतःचा ट्रॅक्टर घेण्याच्या विचारात आहेत. त्यांपैकी काही आम्हांस विचारतात, की कोणत्या कंपनीचा घ्यावा? आमच्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावयाचा आहे. यंत्राने वर्षात किती तास काम करावयाचे, कोणत्या जमिनीत करावयाचे व किती रुंदीच्या ओळींतून जावयाचे, हे आधी ठरले म्हणजे कंपनीची निवड आपोआप सोपी होते.

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विक्रीस काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. आज परिस्थिती अगदी उलट झाली आहे. शेजाऱ्याच्या दारी पंचेचाळीस एच.पी.चा ट्रॅक्टर उभा राहिला, की आपल्या सहा एकरांना तो हवाच असे वाटू लागते. पूर्वीचा संशय चुकीचा होता हे खरे, परंतु त्याने कोणाचा सातबारा अडकत नव्हता.

प्रथम तासांचा हिशेब पाहू. समजा, लहान ट्रॅक्टर, रोटाव्हेटर व कोळपणीचे औत मिळून ४,००,००० रुपये पडले. दहा वर्षांनी त्याची किंमत ४०,००० रुपये उरेल असे धरले, तर दरसाल घसारा ३६,००० रुपये होतो. गुंतलेल्या भांडवलाची सरासरी २,२०,००० रुपये. तिच्यावर दहा टक्के दराने व्याज २२,००० रुपये. विमा व किरकोळ मिळून ७,००० रुपये धरावे. एकूण ६५,००० रुपये. ट्रॅक्टर पडवीत उभा असला तरी हा खर्च चुकत नाही. वर्षात १०० तास काम झाले, तर डिझेल, दुरुस्ती व चालक यांच्याआधीच तासाला ६५० रुपये पडतात. ३२५ तास झाले, तर २०० रुपये. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपले आकडे घालून पाहावे, व आलेला दर डिझेलसह आपल्या गावच्या भाड्याच्या दराशी ताडून पाहावा.

आता यंत्राचा उरक. तीन फुटी रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालला, तर तासाला सुमारे २,२५० चौरस मीटर जमीन होते. वळणे, अडथळे व खोळंबा वजा जाता तीनचतुर्थांश धरावे, म्हणजे सुमारे सतरा गुंठे. एका एकरास सव्वादोन ते अडीच तास लागतील. आठ एकरांची एक पाळी वीस तासांत, म्हणजे दोन-तीन दिवसांत उरकते. वाफशाची मुदत हातची जाऊ नये यासाठी एवढा वेग पुरे आहे. कारण भाड्याच्या यंत्राची वाट पाहण्यात जे आठ दिवस जातात, त्यांत काळी जमीन वरून कडक होते व पेरणी मागे पडते. हे नुकसान कोणत्याही वहीत मांडले जात नाही. पण स्वतःचे यंत्र घेण्याचे खरे कारण तेच आहे.

अर्थात उन्हाळ्यातील खोल नांगरट लहान ट्रॅक्टरास झेपत नाही. भारी काळ्या रानात पलटी नांगर चालवावयाचा तर चाळीसच्या वरचा ट्रॅक्टर लागतो. परंतु अशी नांगरट दोन-तीन वर्षांतून एकदा करावयाची असते, व त्या वेळी रान मोकळे असल्याने आठ दिवस मागेपुढे झाले तरी बिघडत नाही. सबब मोठे काम भाड्याने करून घ्यावे व वाफशाला अडणारी वखरणी, कोळपणी, फवारणी यांपुरते लहान यंत्र घरचे ठेवावे, असे आमचे मत आहे.

लहान ट्रॅक्टरांतही भेद आहेत. महिंद्राचा युवराज किंवा स्वराज ७१७ हे सुमारे पंधरा एच.पी.चे; व्हीएसटीचा अठराच्या आसपासचा; कुबोटाचे निओस्टार चोवीस व सत्तावीसचे असून चारही चाकांना जोर असलेले आहेत. कपाशी चार फुटांवर असेल, तर ट्रॅक्टरची टायरसह पूर्ण रुंदी तीन फुटांच्या आत हवी. पपईत किंवा केळीत थोडी अधिक चालते. विक्रेत्याच्या बोलण्यावर न जाता टेप घेऊन जावे व स्वतः मोजावे. सातपुड्याच्या पायथ्याकडील हलक्या, मुरमाड व उताराच्या रानात चारही चाकांचा जोर उपयोगी पडतो. मात्र अरुंद ट्रॅक्टर आडव्या उतारावर कलंडण्याचा धोका असतो, तेथे ही चारचाकी शक्तीही वाचवीत नाही. अशा रानात ज्याला चालवावयाचे त्याचा जीव आधी पाहावा, एकर मागून. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर ट्रॅक्टर काढताना दोन्ही ब्रेकची कडी जोडण्यास विसरू नये.

एच.पी.चा आकडाही नीट वाचावा. जाहिरातीतील आकडा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर फिरतो तो पी.टी.ओ.च्या शक्तीवर, व ती त्याहून कमी असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील सरकारी संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. तिच्या अहवालात पी.टी.ओ.ची शक्ती, ओढण्याची ताकद व डिझेलचा खर्च दिलेला असतो. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा. मध्यम कामास लहान ट्रॅक्टर तासाला दोन-अडीच लिटर डिझेल घेतो. याहून फारच कमी सांगणाऱ्याने कोणते काम करून मोजले, ते विचारावे. सुटे भाग व मिस्त्री किती कोसांवर आहे, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

बांधावरील गवतासाठी ट्रॅक्टरला जोडावयाचे कापणी यंत्र घेण्याच्या भरीस पडू नये. आपल्याकडील बांधांत दगड फार, पाते एका दिवसात बोथट होते. खांद्यावरचे ब्रश कटर पुरे.

किमतीसंबंधी एक गोष्ट अनुकूल झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जी.एस.टी. बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. परंतु पूर्वसंमतीचे पत्र हाती येण्याआधी खरेदी करू नये, व टक्केवारीबरोबर कमाल रकमेची मर्यादाही वाचावी.

शेवटी कर्ज. आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली, तेव्हा सातबाऱ्यावर ट्रॅक्टरच्या कर्जाचे बोजे पुष्कळ पाहिले. त्यांत एक गृहस्थ असे होते, की कर्ज फेडून अकरा वर्षे झाली तरी इतर हक्कांत बोजा तसाच होता. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकावयास काढले, तेव्हा तो दिसला. घेणारा मागे फिरला. बँकेचा पैसा फिटला होता, पण दाखला कोणी आणून दिला नव्हता. तेव्हा शेवटचा हप्ता भरताच बँकेकडून येणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा. त्याची एक प्रत तलाठ्याकडे, म्हणजे २०२४ पासूनच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्जासह देऊन पोच घ्यावी. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून इतर हक्कांचा रकाना स्वतः वाचावा. ट्रॅक्टरच्या नोंदणी पुस्तकावरील बँकेचे नावही नंदुरबारच्या परिवहन कार्यालयात नमुना ३५ देऊन निराळे काढावे लागते. एक काढले म्हणजे दुसरे निघाले असे होत नाही.