गुंठ्याचा व्यवहार नियमित. घराचा प्रश्न मात्र कायम
तुकडेबंदी कायद्यातील बदलाने शहरालगतच्या भूखंडधारकांना काय मिळाले आणि काय मिळाले नाही?

छत्रपती संभाजीनगर : शेतजमिनीचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा विकत घ्यायचा, त्यावर चार खोल्या बांधायच्या आणि सातबाऱ्यावर आपले नाव कधी लागेल याची वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा शहराच्या चहूबाजूंनी राहणाऱ्या हजारो कुटुंबांचा अनुभव आहे. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश काढून तुकडेबंदी कायद्यात बदल केला. त्यामुळे या कुटुंबांच्या व्यवहारांना कायदेशीर मान्यता मिळण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. मात्र या बदलाने नियमित होतो तो जमिनीचा व्यवहार. त्या जमिनीवरील घर नव्हे. हा फरक लक्षात न घेतल्यास आयुष्याची पुंजी पुन्हा एकदा अडकून पडण्याचा धोका आहे.

गुंठेवारी कशी वाढली?

साठच्या दशकात औरंगाबादला औद्योगिक वसाहत आली. पुढे चिकलठाणा आणि ऐंशीच्या दशकात वाळूज येथील कारखान्यांमुळे मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून कामगार शहरात येऊ लागले. सत्तरच्या दशकात सिडकोने नवे शहर वसविण्यास सुरुवात केली. १९८२ मध्ये महापालिका स्थापन झाली आणि आसपासची गावे शहराच्या हद्दीत आली. परंतु आलेल्या प्रत्येकाला पुरतील इतकी घरे ना सिडको बांधू शकली, ना गृहनिर्माण मंडळ. मंजूर रेखांकनातील भूखंड कामगाराच्या आवाक्याबाहेर होते.

ही उणीव शेतकरी आणि जमिनीच्या दलालांनी भरून काढली. एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात ४३ हजार ५६० चौरस फूट. त्यातील सुमारे १५ टक्के जागा बोळांसाठी सोडली, तरी ‘वीस बाय तीस’चे म्हणजे ६०० चौरस फुटांचे साठाच्या आसपास भूखंड पडतात. एकरी भावाने विकल्यास मिळणाऱ्या रकमेपेक्षा भूखंड पाडून विकल्यास मिळणारी रक्कम कितीतरी अधिक असते. घेणाऱ्यालाही हप्त्याने, बँकेच्या दारात न जाता जागा मिळते. नुकसान होते ते नियोजनाचे. रुंद रस्ता, मैदान, शाळा, गटार यांसाठी जागाच उरत नाही.

पुंडलिकनगर, मुकुंदवाडी, नारेगाव, मिसारवाडी, हर्सूल अशा अनेक भागांत याच पद्धतीने वसाहती उभ्या राहिल्या. महापालिका हद्दीतील अशा वसाहतींची संख्या शंभराहून अधिक आहे. हद्दीत जागा संपल्यावर हाच प्रकार सातारा, देवळाई, रांजणगाव शेणपुंजी, पिसादेवी या दिशांना सरकला. सातारा-देवळाई परिसर २०१५ मध्ये महापालिकेत आला, तेव्हा तेथे लोक राहायला येऊन बराच काळ लोटला होता.

कायदा मुळात कशासाठी?

शेतजमिनीचे वाटण्यांमुळे आणि विक्रीमुळे इतके लहान तुकडे होऊ नयेत की त्यावर शेती परवडणार नाही, या हेतूने मुंबई प्रांतात १९४७ मध्ये ‘तुकडे पाडण्यास प्रतिबंध व एकत्रीकरण’ कायदा करण्यात आला. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. राज्याच्या निर्मितीनंतर हा कायदा महाराष्ट्रभर लागू झाला. त्यानुसार प्रत्येक भागासाठी ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरविले जाते आणि त्याहून लहान तुकडा निर्माण होईल असे हस्तांतरण करता येत नाही.

कायद्याचा रोख शेतीवर होता. शहरालगतच्या जमिनीत मात्र नांगर केव्हाच थांबला होता. तेथे कायद्याने तुकडे पडणे थांबले नाही, ते फक्त कागदावरून दिसेनासे झाले. कोणी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीपुढे करार केला, तर कोणी दहा-बारा जणांच्या नावे सामायिक खरेदीखत केले. नोंदणी झाली तरी फेरफार नामंजूर होई किंवा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तुकडेबंदीविरुद्ध व्यवहार असल्याचा शेरा पडे. जमीन ताब्यात, घर उभे, मालमत्ता कर भरलेला आणि सातबाऱ्यावर मात्र मूळ शेतकऱ्याचेच नाव, अशी विसंगती त्यातून निर्माण झाली. मूळ मालकाच्या निधनानंतर वारसांनी तीच जमीन पुन्हा विकायला काढली, तर घरमालकाकडे दाखवायला भक्कम कागद नसतो.

प्रमाणभूत क्षेत्र घटले

ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने बहुतांश जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र कमी केले. जिरायत जमिनीसाठी २० आर आणि बागायत जमिनीसाठी १० आर अशी मर्यादा ठरली. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण एक गुंठाच. त्यामुळे दहा गुंठे बागायत जमिनीची विक्री कायद्याच्या चौकटीत आली. २०२४ मध्ये विहीर, शेतरस्ता आणि ग्रामीण घरकुल योजनेतील लाभार्थ्याचे घर यांसाठी त्याहूनही लहान क्षेत्राच्या व्यवहाराला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने मुभा मिळाली.

या दोन्ही बदलांचा फायदा प्रामुख्याने शेतकऱ्याला झाला. एक गुंठ्यावर घर बांधून बसलेल्या कामगाराचा प्रश्न त्याने सुटला नाही.

परिपत्रक आणि खंडपीठाचा निकाल

नोंदणी महानिरीक्षकांनी १२ जुलै २०२१ रोजी एक परिपत्रक काढले. मंजूर रेखांकन किंवा सक्षम अधिकाऱ्याची परवानगी जोडल्याशिवाय अशा तुकड्यांच्या दस्तांची नोंदणी करू नये, असे त्यात बजावण्यात आले. राज्यभरातील दुय्यम निबंधक कार्यालयांत गुंठ्यांचे व्यवहार थांबले. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका दाखल झाली. खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी हे परिपत्रक आणि त्याला आधार असलेला नोंदणी नियमांतील ४४ (१) (आय) हा उपनियम रद्दबातल ठरविला. १९०८ च्या नोंदणी कायद्याशी ते विसंगत असल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

या निकालाचा अर्थ ‘गुंठेवारी कायदेशीर झाली’ असा बाजारात लावला गेला. प्रत्यक्षात मुद्दा दुय्यम निबंधकाच्या अधिकाराचा होता. दस्ताची नोंदणी झाली म्हणजे व्यवहारातील प्रत्येक दोष धुऊन निघाला, असे कायदा मानत नाही. दस्त नोंदला जाणे, सातबाऱ्यावर नाव लागणे आणि त्या जागेवर घर बांधता येणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी असून त्या तीन वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात. आजचा गोंधळ समजून घेण्यासाठी हाच धागा महत्त्वाचा आहे.

२०२५ मध्ये काय बदलले?

तुकडेबंदीविरुद्ध झालेले व्यवहार दंड भरून नियमित करण्याची तरतूद २०१७ मध्येच झाली होती. त्यासाठी बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरावी लागे. ती जड वाटल्याने लोक पुढे आले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आणण्यात आले. तरीही अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. अखेर २०२५ च्या अध्यादेशाने हे शुल्कच माफ केले. डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात त्यासंबंधीचे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले.

या बदलानुसार १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या कालावधीतील व्यवहार विनाशुल्क नियमित मानले जातील. महापालिका, नगरपालिका व नगरपंचायतींची हद्द, नियोजन प्राधिकरणांची क्षेत्रे आणि प्रादेशिक योजनेत अकृषिक वापरासाठी दर्शविलेल्या जमिनी यांना ही सवलत लागू आहे. नोंदणीकृत दस्त असलेल्यांचे नाव ‘इतर हक्क’ रकान्यातून कब्जेदार म्हणून घेता येईल आणि तुकडेबंदीचा शेरा काढला जाईल. केवळ नोटरी केलेले कागद असणाऱ्यांना मात्र आधी मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क भरून दस्ताची नोंदणी करावी लागेल. ‘विनाशुल्क’ या शब्दाचा अर्थ नियमितीकरणाचे शुल्क नाही, इतकाच आहे.

काय बदलले नाही?

पहिली गोष्ट म्हणजे झोन. जमीन निवासी, औद्योगिक, हरित की शेती विभागात आहे, हे विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजना ठरविते. तुकडेबंदी कायद्यातील बदलाने या नकाशावरील रंग बदलत नाही. हरित पट्ट्यातील किंवा आरक्षणाखालील भूखंडाचा व्यवहार नियमित झाला, तरी तेथे निवासी बांधकामाची परवानगी आपोआप मिळत नाही. शेती विभागात शेतघर बांधता येते. पण त्यासाठी किमान ०.४ हेक्टर म्हणजे सुमारे एक एकर जमीन लागते. ‘फार्महाऊस प्लॉट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यांना या नियमाचा आधार नाही.

दुसरी गोष्ट बांधकामाची. गुंठेवारीतील घरे नियमित करण्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यातील मूळ मुदत १ जानेवारी २००१ पर्यंतची होती. २०२१ मधील दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. त्यानंतरची बांधकामे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजेच २०२२ मध्ये भूखंड घेऊन २०२३ मध्ये घर बांधणाऱ्याचा जमिनीचा व्यवहार नव्या सवलतीत बसू शकतो. त्याचे घर मात्र गुंठेवारी कायद्याच्या मुदतीत बसत नाही. दोन कायद्यांच्या दोन मुदतींमधील ही चार वर्षांची फट अनेकांच्या लक्षात आलेली नाही.

तिसरी गोष्ट खरेदीदाराची. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. शेतकरी नसलेल्या व्यक्तीने शेतजमीन घेण्यावर त्यात निर्बंध आहेत. कूळ, इनाम, वतन किंवा भोगवटादार वर्ग दोन अशा जमिनींना त्यांच्या स्वतंत्र अटी आहेत. त्या अटींचा भंग झाला असल्यास तुकडेबंदीतील सवलत त्यावर उतारा ठरत नाही.

चौथी गोष्ट सोयींची. शेरा निघाला म्हणून बोळ रुंद होत नाही आणि जलवाहिनीही येत नाही. संभाजीनगरकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. जायकवाडीचे पाणी शहरातील जुन्या वस्त्यांनाही कित्येक दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. कडेच्या वसाहतींची भिस्त तर टँकरवरच राहिली.

नियोजन कोणाकडे?

शहराच्या सीमेवर एकच यंत्रणा नाही, ही आणखी एक अडचण आहे. महापालिका हद्दीत महापालिका, औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी, शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात ऑरिक असे नियोजनाचे तुकडे पडले आहेत. २००६ मध्ये शहराभोवतीच्या ‘झालर क्षेत्रा’तील २८ गावांचे नियोजन सिडकोकडे देण्यात आले होते. पुढे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन होऊन त्याच्या कक्षेत तीनशेहून अधिक गावे आली. आराखडे तयार होईपर्यंत जमिनी थांबून राहिल्या नाहीत. नकाशावर रस्ता दाखविला जाण्याआधीच त्या जागेवर घरे उभी राहिली आणि नंतर आरक्षण हलवायचे की घर पाडायचे, असा प्रश्न उभा राहिला.

शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात नवे उद्योग येत असल्याने करमाड, कुंभेफळ, चितेगाव, बिडकीन या दिशांना जमिनीची मागणी वाढत आहे. वाळूजच्या वेळी जे घडले, त्याची पुनरावृत्ती टाळायची असेल तर हीच वेळ आहे.

भूखंड घेण्यापूर्वी काय पाहावे?

* अद्ययावत सातबारा आणि त्यावरील सर्व फेरफार. विशेषतः ‘इतर हक्क’ रकान्यातील शेरे.
* जमीन वर्ग एक आहे की वर्ग दोन. कूळ, इनाम किंवा वतनाची नोंद आहे काय.
* संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा.
* मंजूर रेखांकन. भूखंडाचा क्रमांक त्यात आहे काय.
* भूखंडापर्यंत पोहोचणारा रस्ता कागदावर आहे काय.
* व्यवहार १५ ऑक्टोबर २०२४ नंतरचा असल्यास नव्या सवलतीचा लाभ नाही, हे लक्षात ठेवावे.

‘आज ना उद्या सगळे नियमित होतेच’ हे विक्रेत्यांचे ठरलेले वाक्य असते. गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहता ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही. २००१, २०१७, २०२१, २०२४ आणि २०२५ अशा पाच वेळा सरकारने मागील व्यवहारांना किंवा बांधकामांना माफीची दारे उघडली आहेत. प्रत्येक माफीने आधीच्या खरेदीदाराला दिलासा मिळाला आणि पुढच्या विक्रेत्याला आयते समर्थनही मिळाले. कामगाराला परवडेल असा, रस्ता आणि पाणी असलेला लहान भूखंड मंजूर रेखांकनात उपलब्ध करून देण्याचे काम मात्र एकदाही त्या गतीने झालेले नाही. ते होत नाही तोवर गुंठ्याचा बाजार सुरू राहील आणि पुढील माफीची वाट पाहणारी नवी कुटुंबे शहराच्या कडेला उभी राहत जातील.