वाघूरचे पाणी आणि अजिंठ्याचा कातळ

अजिंठ्याची लेणी पाहावयास लोक बहुधा हिवाळ्यात जातात. परंतु ज्या वाघूर नदीने नालाकृती दरी कोरून त्या लेण्यांना जागा करून दिली, तिचे पात्र त्या दिवसांत रोडावलेले असते, आणि दरीच्या माथ्याशी सात टप्प्यांनी कोसळणाऱ्या सप्तकुंडाचे नुसते काळे कडेच दृष्टीस पडतात. म्हणून भूगर्भशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्याला बरोबर घेऊन मी श्रावणात फर्दापूरच्या वाटेने तेथे गेलो, आणि धबधबा व लेणी ही एकाच कातळाची दोन अपत्ये आहेत हे त्याने मला प्रत्यक्ष दाखविले.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या मुलखावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांतील काही थर घट्ट, काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले. मऊ थर पाण्याने लवकर झिजतो, त्यावरचा कठीण थर कडा होऊन उभा राहतो, आणि नदीला उडी घेण्यास पायरी मिळते. लेणी खोदणाऱ्यांनाही हीच थररचना जोखावी लागली. "अरे, छत बघ आधी, मूर्ती मागाहून," असे म्हणून स्नेह्याने मला चौथ्या लेण्यात थांबविले. अजिंठ्यातील हा सर्वांत विस्तीर्ण विहार; पण कातळातील दोषामुळे त्याच्या छताचा थर निखळला, छत अधिक उंचावर नव्याने खोदावे लागले, आणि तरीही काम अपुरेच राहिले.

चित्रांचा हिरवा रंगही या कातळाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. निळा लाजवर्द मात्र दूर देशाहून आणविलेला. माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर ही चित्रे रंगविली गेली. त्यामुळे ज्या पाण्याने दरी घडविली तेच पाणी कातळाच्या भेगांतून झिरपून चित्रांचे वैरी ठरते.

पावसाळ्यात बौद्ध भिक्षूंनी एकाच स्थानी वास्तव्य करावे, असा विनयाचा, म्हणजे संघाच्या आचारनियमांचा, दंडक होता. सोळावे लेणे खोदविणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव. त्या लेण्यापासून नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी, द्वारावर कोरलेल्या दोन हत्तींसमोर पुराचा घोष ऐकत उभे राहिले म्हणजे वर्षावासाला ही जागा का निवडली असेल, हे निराळे सांगावे लागत नाही.

1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. 1844 मध्ये रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमणूक झाली. त्यांच्या परिश्रमाचे बहुतेक फळ 1866 च्या आगीत लंडनमध्ये जळाले. पुढे निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणवून चित्ररक्षणाची तजवीज केली. हेतू स्तुत्य होता, पण त्या वेळी दिलेले रोगण कालांतराने काळवंडले आणि ते उतरविण्याचे किचकट काम पुढल्यांच्या माथी आले.

अजिंठा पावसात पाहावा, असे माझे निश्चित मत आहे. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळावा. छत्री, रेनकोट बाहेरच निथळू द्यावेत, आणि ओल्या हाताने भिंतीला स्पर्श करू नये, एवढी वाचकांना कळकळीची विनंती.