ऋजू काया, जागृत स्मृती : अय्यंगार योगपद्धतीचा धम्मदृष्टीने विचार

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील तिसरे लेणे गौतमी बलश्रीने भद्रयानीय भिक्खुसंघास दान दिले. त्याच्या दालनात तीन बाजूंनी दगडी ओटा कोरलेला आहे. ध्यानास बसणाऱ्याने मांडी घालून काया ऋजू, म्हणजे सरळ ठेवावी व स्मृती जागृत करावी, असे महासतिपट्ठान सुत्तात सांगितले आहे. परंतु आज विहारात बसणाऱ्या अनेक उपासक-उपासिकांची कंबर थोड्याच वेळात वाकते आणि गुडघे दुखू लागतात. शेतात वा कारखान्यात झिजलेल्या देहास ताठ बसणे सोपे नसते. म्हणून प्रश्न उपस्थित होतो : योगासने करावीत काय? बावीस प्रतिज्ञांना त्यामुळे बाध येतो काय?

या संदर्भात पुण्यात विकसित झालेली बी. के. एस. अय्यंगार (१९१८-२०१४) यांची पद्धत विचारात घेण्याजोगी आहे. बालपणी क्षय, हिवताप अशा आजारांनी खंगलेले अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले. १९६६ साली त्यांचा आसनांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९७५ साली पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू झाली.

या पद्धतीचा गाभा म्हणजे शरीराची अचूक मांडणी. ताडासन वरवर पाहता नुसते उभे राहणे होय. परंतु दोन्ही पावलांवर भार समान आहे काय, टाच व अंगठ्याचा उंचवटा जमिनीस टेकला आहे काय, गुडघे, छाती व खांदे कोठे आहेत, हे साधकाने एकेक करून पाहावयाचे असते. त्रिकोणासनात हात जमिनीपर्यंत न पोचल्यास पाठ वाकडी करण्याऐवजी हाताखाली वीट ठेवतात. लाकडी वीट, पट्टा, घोंगडी, खुर्ची, भिंतीवरील दोर ही साधने वृद्ध व आजारी माणसांसाठीही आसन शक्य करतात. देहाने आसनासाठी स्वतःस मोडून घ्यावे, असा येथे आग्रह नाही.

भगवान बुद्धांनी उग्र देहदंडाचा मार्ग स्वतः अनुभवून त्यागला होता. अतिश्रमाने थकलेल्या सोण भिक्खूस त्यांनी वीणेचा दृष्टांत दिला : तार फार ताणली वा फार सैल सोडली, तर सूर उमटत नाही. आसनातील दृढता व सहजता यांचा मेळ याच दृष्टांताने उत्तम समजतो. चालणे, उभे राहणे, बसणे व निजणे या चारही ईर्यापथांत सजगता ठेवावी, ही सतिपट्ठानाची शिकवण आहे. त्या दृष्टीने ताडासन हा उभे असल्याचे भान ठेवण्याचा अभ्यास ठरू शकतो.

तथापि दोन भेद स्पष्ट ठेवले पाहिजेत. या पद्धतीच्या वर्गारंभी पतंजलींची प्रार्थना म्हणण्याची प्रथा आहे व तीत त्यांचे वर्णन सहस्र फणांच्या शेषाच्या रूपात येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या प्रतिज्ञांत अवतारकल्पना नाकारलेली आहे. म्हणून बौद्ध उपासकाने त्या वेळी नम्रपणे मौन पाळावे आणि शिक्षकास कारण आधीच सांगावे. गुडघा कसा ठेवावा हे ज्ञान अनुभवाने तपासता येते. ते कोणत्याही जातीची वा देवतेची मालमत्ता नाही.

दुसरा भेद श्वासाचा. प्राणायामात श्वासाचे नियमन करतात. आनापानसतीत नैसर्गिक श्वास केवळ जाणतात. दोहोंची सरमिसळ करू नये. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होत आहेत. तेथेही शारीरिक योगाभ्यास विपश्यनेशी विसंगत मानलेला नाही. मात्र शिबिरकाळात तो स्थगित ठेवण्यास सांगतात.

नवशिक्याने प्रथम उभ्याने करावयाची आसने शिकावीत. उच्च रक्तदाब वा काचबिंदू असल्यास शीर्षासन करू नये. ध्यानास बसताना गुडघे कंबरेपेक्षा वर राहत असतील, तर बैठकीखाली घडी केलेली घोंगडी घ्यावी. कणा आपोआप उभा राहतो. त्यात कमीपणा नाही.

सरळ कणा म्हणजे सम्यक् समाधी नव्हे, हेही विसरू नये. शीलावाचून आसन ही केवळ कसरत आहे. पण दुखणाऱ्या देहामुळे एखादी श्रमजीवी माता विहारातील ध्यानातून उठून जात असेल, तर तिच्याखाली एक घडी घोंगडी सरकविणे हीसुद्धा मैत्रीच होय.