विश्लेषण : चीनला गेल्यावर प्यायचे काय? ग्वांगझूत नळाचे पाणी का टाळतात?

चीनमधील ग्वांगझू शहरात १९५७पासून ‘कँटन फेअर’ हे व्यापार प्रदर्शन भरते. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. महाराष्ट्रातूनही व्यापारी, लघुउद्योजक तेथे जातात. खायचे हाल होऊ नयेत म्हणून बॅगेत चिवडा, थेपले भरले जातात. पिण्याचा विचार मात्र क्वचितच होतो. चार दिवसांच्या दौऱ्यात पोट बिघडले, तर केलेला खर्च पाण्यात जातो.

नळाचे पाणी चालते का?

नाही. तेथील स्थानिकही ते थेट पीत नाहीत. खरे तर चीनचे पिण्याच्या पाण्याचे मानक ढिले नाही. एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या सुधारित मानकात ९७ निकष आहेत. अडचण येते ती शुद्धीकरण केंद्राच्या पुढे. जुन्या जलवाहिन्या आणि उंच इमारतींच्या टाक्या यांतून पाणी घरात पोहोचेपर्यंत त्याची खात्री देता येत नाही. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना हे वेगळे सांगायला नको! पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण जुन्या नळातला गंज किंवा शिसे जात नाही. त्यामुळे पाहुण्यांसाठी बाटलीबंद पाणी बरे. ‘नोंगफू स्प्रिंग’, ‘यीबाओ’ ही नावे सगळीकडे दिसतात आणि अर्ध्या लिटरची बाटली दुकानात साधारण दोन युआनला, म्हणजे पंचवीस रुपयांच्या आसपास मिळते. झाकणाचे सील तेवढे पाहून घ्यावे.

उन्हाळ्यातही गरम पाणी कशासाठी?

बाहेर अंगाची लाही होत असताना हॉटेलात समोर वाफाळते पाणी येते, तेव्हा भारतीय पाहुणा गोंधळतो. थंड पाणी प्रकृतीला बाधते, ही पारंपरिक चिनी वैद्यकातली समजूत त्यामागे आहेच. पण १९५२मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी आरोग्य मोहिमेने उकळलेले पाणी पिण्याची सवय घरोघरी पक्की केली. या पाण्याला ‘काईशुई’ म्हणतात. रेल्वे स्थानके, विमानतळ, अतिवेगवान गाड्यांचे डबे, सगळीकडे त्याचे नळ असतात आणि ते फुकट मिळते. घरून नेलेली स्टीलची बाटली इथे कामाला येते. फक्त विमानतळावरील सुरक्षा तपासणीआधी ती रिकामी करावी. रस्त्यावरच्या गाडीवरचा बर्फ मात्र टाळलेला बरा.

चहा कसा मागायचा?

‘चहा’ हा शब्दच मुळात चिनी, पण दूध-साखरेची अपेक्षा तेथे ठेवू नये. ग्वांगझूत सकाळी ‘याम चा’ला जाण्याची जुनी रीत आहे. शब्दशः अर्थ चहा पिणे. प्रत्यक्षात तो डिमसमसह तासन् तास चालणारा न्याहारीचा बेत असतो. आधी प्रकार विचारतात : पुअर, तिएग्वानयिन की शेवंतीच्या फुलांचा. पुष्कळ टेबलांवर सुरुवातीच्या गरम पाण्याने किंवा चहाने वाट्या-पेले विसळले जातात. ते पाणी पिण्यासाठी नसते, त्यामुळे घाई करू नये. किटलीत पाणी हवे असेल तर झाकण उघडे ठेवायचे, वेटरला हाक मारायची गरज नाही. कोणी पेला भरला, की दोन बोटे टेबलावर हलकेच टेकवायची, हेच आभार. बिलात चहाचे पैसे माणशी लावले जातात, त्याला फसवणूक समजू नये.

‘ल्यांग चा’ ही याच प्रांताची आणखी एक खासियत. नावात चहा असला, तरी तो जडीबुटींचा कडू काढा आहे. दमट हवेत शरीरातली ‘उष्णता’ उतरवण्यासाठी लोक दुकानासमोर उभे राहून तो घेतात. नियमित औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मद्याचा आग्रह झाला तर?

व्यवहार जमला, की यजमान जेवायला नेतो आणि ‘बैजिउ’ येते. धान्यापासून बनणाऱ्या या मद्यात अल्कोहोल अनेकदा ५० टक्क्यांच्या वर असते. ‘गानबेइ’ म्हणजे पेला रिकामा करा. एकदा हो म्हटले की फेऱ्या थांबत नाहीत, त्यामुळे नकार पहिल्या पेल्यालाच द्यावा. मद्याऐवजी चहाचा पेला उंचावण्याची तेथे रूढ प्रथा आहे आणि त्यात यजमानाचा अपमान होत नाही. फक्त ज्येष्ठांच्या पेल्यापेक्षा आपला पेला किंचित खाली धरावा.

फसवणूक कुठे होते?

शांघाय, बीजिंगच्या पर्यटनस्थळी इंग्रजी सुधारायचे निमित्त करून अनोळखी तरुण-तरुणी गप्पा मारतात, ‘पारंपरिक चहा’ पाजायला नेतात आणि अवाच्या सवा बिल हातात पडते. दरपत्रक पाहिल्याशिवाय बसू नये. बहुतेक ठिकाणी पैसे मोबाइलवरून, कोड स्कॅन करून दिले जातात. त्यासाठीचे ‘वीचॅट’ भारतात २०२०पासून बंद आहे. त्यामुळे पैसे देण्याची सोय निघण्यापूर्वीच लावावी आणि पाण्याच्या बाटलीपुरते तरी सुटे युआन खिशात ठेवावेत.