त्वचेच्या औषधाची बाटली वाडीभर फिरते तेव्हा



वर्षावास सुरू झाला की आपल्या कोकणातल्या बौद्धवाड्यांमध्ये संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चं वाचन होतं. बाहेर पाऊस कोसळत असतो, अंगावरचे कपडे धड सुकलेले नसतात. वाचन संपलं की बायाबापड्या मला कोपऱ्यात गाठतात आणि कुणी हात, कुणी मान, कुणी पाय पुढे करतं. पावसाळा हा आपल्याकडे खाजेचाही हंगाम आहे.

पूर्णगडला अशाच एका संध्याकाळी एका मावशींनी पिशवीतून छोटी बाटली काढली. तिच्यावरचं लेबल अर्धं निघालेलं होतं. मावशी म्हणाल्या, “ताई, ह्या औषधानं नातवाचा नायटा आठ दिवसांत गेला होता. आता दुप्पट होऊन परत कसा आला?”

चौकशी केली तेव्हा बाटलीचा सगळा प्रवास कळला. मावशींच्या यजमानांना डोक्यात सोरायसिस आहे. मुंबईला मुलाकडे गेले असताना तिथल्या डॉक्टरांनी त्यांना हे लोशन लिहून दिलं. त्यांचा फरक बघून शेजारच्या वहिनींनी ते हाताच्या इसबाला लावलं. मग नातवाच्या नायट्याला लागलं. मग पलीकडच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने लग्नसराईच्या आधी चेहरा उजळावा म्हणून लावलं. बाटली संपली की कुणीतरी रिकामी बाटली दाखवून दुकानातून नवी आणायचं. एक औषध, चार माणसं. डॉक्टरांनी तपासलं होतं फक्त एकाला.

बाटलीत काय होतं?

त्यात क्लोबेटासोल नावाचं स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड म्हटलं की काही जण एकदम घाबरतात, तर काहींना ते जादूचं औषध वाटतं. दोन्ही चूक आहे. स्टिरॉइड त्वचेची सूज, लाली आणि खाज दाबतं. योग्य आजाराला, योग्य जागी, ठरलेल्या दिवसांपुरतं वापरलं तर ते चांगलं औषध आहे.

पण सगळी स्टिरॉइड सारख्या ताकदीची नसतात. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, मोमेटासोन मध्यम, बीटामेथासोन जोरकस आणि क्लोबेटासोल सगळ्यांत जोरकस गटातलं. इथे टक्क्यांवर जाऊ नका. ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कितीतरी पटीने तीव्र असतं. आकडा लहान म्हणून औषध हलकं, असं होत नाही.

त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडचा गैरवापर देशभर एवढा वाढला की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षं पाठपुरावा केला. २०१८ साली केंद्र सरकारने नियम बदलून १४ स्टिरॉइड औषधांची मलमं आणि लोशनं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कायदा कागदावर आहे, पण रिकामी बाटली दाखवून नवी मिळते तोवर आपली राखण आपल्यालाच करायची आहे.

चौघांचं काय झालं?

नातवाचा नायटा. नायटा किंवा गजकर्ण बुरशीमुळे होतं. स्टिरॉइड बुरशी मारत नाही. ते फक्त लाली आणि खाज दाबतं, म्हणून आठ दिवस बरं वाटतं. शरीराचा पहारा सैल पडल्यावर बुरशी आतल्या आत पसरते. औषध थांबवलं की चट्टे मोठे होऊन बाहेर येतात, आणि कधी कधी असे रूप बदलतात की डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाहीत. त्याला बुरशीचं औषध लागतं, तेही चट्टा दिसेनासा झाल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढे चालू ठेवावं लागतं. टॉवेल आणि कपडे वेगळे हवेत, आणि घरात आणखी कुणाला असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी व्हायला हवा.

वहिनींचं इसब. त्या मच्छी साफ करतात, कोळंबी सोलतात. हात दिवसभर पाण्यात, वरून कपड्यांचा साबण. अशाने हाताची कातडी कोरडी पडते, भेगा जातात. आपल्याकडे काजू फोडणाऱ्या बायांना टरफलातल्या तेलाने आणि बांधकामावरच्या मजुरांना सिमेंटनेही असाच त्रास होतो. वहिनींच्या आजाराला स्टिरॉइड चालतंही, पण हे लोशन डोक्यासाठी होतं. अशा बऱ्याच लोशनांत अल्कोहोल असतं, ते भेगांवर आगीसारखं झोंबतं. कोरड्या, भेगाळलेल्या हाताला डॉक्टर बहुधा मलम देतात. शिवाय त्यांनी ते तीन महिने सलग लावलं. हाताची पाठ कागदासारखी पातळ झाली होती आणि मूळ कारण, म्हणजे पाणी आणि साबण, तसंच राहिलं होतं. आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालणं, काम झाल्यावर हात कोरडे करून खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावणं, हा त्यांच्या उपचाराचा अर्धा भाग आहे. मात्र कुणी बिब्बा लावायला सांगितला तर ऐकू नका. बिब्ब्याने कातडी भाजते.

मुलीचा चेहरा. चेहऱ्याची कातडी पातळ असते, तिथे औषध जास्त शोषलं जातं. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. मग पुटकुळ्या, लाली, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, नको तिथे लव, आणि उन्हात गेलं की आग. थांबवलं की आणखी भडकतं, म्हणून ती पुन्हा लावते. हे चक्र तोडायला महिने लागतात आणि डॉक्टरांची मदत लागते. त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, “बाळा, तुझ्या रंगात काही आजार नाही. ज्या विचाराने माणसाची किंमत जन्मावरून ठरवली, तोच विचार रंगावरूनही किंमत ठरवतो. त्याला औषध बाटलीत नाही.”

आणि ज्यांची बाटली होती ते काका? त्यांचंच औषध संपत राहिलं. कधी मिळायचं, कधी नाही. जोरकस स्टिरॉइड बरेच दिवस लावून एकदम थांबवलं तर सोरायसिस उसळून येतो. काकांच्या डोक्यातले खपले कपाळापर्यंत आले होते. सगळ्यांना वाटून दिलेल्या औषधाने ज्याला खरी गरज होती तोच उपाशी राहिला.

मग वापरायचं कसं?

डॉक्टरांकडून चार गोष्टी विचारून घ्या: आजाराचं नाव काय, अंगाच्या कोणत्या भागाला लावायचं, दिवसातून किती वेळा, आणि किती दिवस. चिठ्ठीवर लिहून मागा. तो आपला हक्क आहे.

डोक्याला लावताना केस कोरडे हवेत. भांग पाडून चट्ट्यावर थेट एक-दोन थेंब सोडा आणि बोटाने हलकेच पसरवा. केसांना तेलासारखं चोळायचं नाही. खपले जाड असतील तर आदल्या रात्री खोबरेल तेल लावून सकाळी डोकं धुवा, मग औषध नीट पोचतं. नखाने खपले काढू नका, जखम झाली तिथे सोरायसिस वाढतो.

मलम असेल तर माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते, ते साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा झाकली जाते. यापेक्षा जाड थर दिल्याने लवकर बरं होत नाही.

क्लोबेटासोलसारखं जोरकस औषध मोठ्या माणसानेही स्वतःच्या मनाने सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावू नये, आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर तर कधीच जाऊ नये. पुढे कसं कमी करायचं ते डॉक्टर सांगतात: आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं.

डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय चेहरा, पापण्या, काखा, जांघा आणि बाळाच्या लंगोटाची जागा इथे लावू नका. डोळ्यांजवळ वारंवार लावल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. लावलेल्या जागेवर प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी बांधू नका. लावून झाल्यावर हात धुवा. अल्कोहोल असलेलं लोशन पेट घेतं, म्हणून लावल्यावर सुकेपर्यंत चूल, गॅस आणि विडीपासून लांब राहा. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा साखरेचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

उलट बाजूही सांगते. भीतीपोटी दोन दिवस लावून सोडून देणारेही आहेत. त्यांचं इसब कधीच आटोक्यात येत नाही आणि खाजवून खाजवून जखमेत पू होतो. सांगितलेले दिवस पूर्ण करा.

डॉक्टरांकडे कधी धावायचं?

चट्ट्यातून पू येतोय, ताप आहे, अचानक पुंजक्याने फोड आले, सगळं अंग लाल होऊन थंडी वाजते, तर थांबू नका. सोरायसिसवाल्यांचे सांधे सकाळी आखडत असतील, बोटं सुजत असतील तर तेही सांगा, कारण हा आजार सांध्यांतही उतरतो. आणि ‘एका इंजेक्शनात सोरायसिस मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने किंवा गोळ्यांनी चार दिवस बरं वाटून आजार पहिल्यापेक्षा भयंकर उलटू शकतो.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. त्वचारोगतज्ज्ञ लागले तर तिथून रत्नागिरीची चिठ्ठी घ्या, किंवा ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून मागा. आशाताईंना विचारलंत तर वार आणि वेळ कळेल. जाताना लावत असलेल्या सगळ्या बाटल्या आणि ट्यूबा बरोबर न्या.

बाटली चालते, पेला चालत नाही

शेवटचं सांगायचं ते औषधाचं नाही. काका त्या संध्याकाळी विहारात आले नव्हते. मावशींना विचारलं तर त्या हळूच म्हणाल्या, “ते आता कुठे जात नाहीत. लोक त्यांना चहा वेगळ्या पेल्यात देतात.”

विचार करा. त्यांच्या औषधाची बाटली घराघरांत फिरली, पण त्यांचा पेला वेगळा!

सोरायसिस आणि इसब शिवल्याने होत नाहीत. जंतूंमुळे येणारे ते आजार नव्हेत. सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकीने चेतते. जी कातडी सुमारे महिन्याने नवी व्हायची ती काही दिवसांतच तयार होते, म्हणून खपले साचतात. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून प्यायल्याने, शेजारी बसून वंदना घेतल्याने तो कुणालाही होत नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने ठराव करून हा आजार संसर्गजन्य नाही हे जगाला सांगितलं. नायटा आणि खरूज मात्र पसरतात, पण त्यावरही उपाय औषध आहे, बहिष्कार नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते स्पर्शाच्या खोट्या भीतीविरुद्ध. त्यांच्या लेकरांच्या वाडीत कुणाचा पेला वेगळा असावा का?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचेचा आजार झाला होता. फोडांतल्या लसीने चीवर अंगाला चिकटायचं. भिक्खू त्यावर पाणी घालून भिजवून ते हळूहळू सोडवत होते. तथागतांनी ते पाहिलं, चौकशी केली आणि अशा रुग्णांसाठी औषधी चूर्ण वापरायला परवानगी दिली. आधी विचारपूस, मग त्या आजारापुरतं औषध, आणि सगळ्यांत आधी हात लावून सेवा करणारे सोबती.

आज घरी गेल्यावर एवढं करा. कपाटातली त्वचेच्या औषधाची प्रत्येक बाटली बाहेर काढा. मुदत संपलेली टाकून द्या. उरलेल्यांवर पट्टी चिकटवून लिहा: कुणाची, कोणत्या आजाराची, कुठे लावायची, कोणत्या तारखेपर्यंत. आणि ती बाटली दुसऱ्या घरी देऊ नका.

द्यायचाच असेल तर चहाचा पेला द्या, सगळ्यांसारखाच.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.